म्हातारपणीचा फोटो कोणासाठी?

लातुरात गांधी चौकाजवळच्या आमच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो वयस्क समलिंगी पुरुषांच्या छायाचित्रांवरून. नुकतीच सनद मिळालेल्या वकिलाचे म्हणणे असे की, अशा पुरुषांची सन्मानाने काढलेली व्यक्तिचित्रे मराठवाड्यातही प्रदर्शनात लागली पाहिजेत. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या सरांनी लगेच विचारले, "साठी उलटलेल्या माणसाने कोणावर जीव लावला, हे गावाला दाखवण्यात गौरव कसला?"

वकिलाने उत्तर वयाच्याच हिशेबाने दिले. १९५० साली जन्मलेल्या अशा माणसाचे सारे तारुण्य समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या धाकात गेले. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने असलेले संबंध गुन्ह्याबाहेर काढले तेव्हा तो साठीच्या उंबरठ्यावर होता, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने त्याला कायमचे मोकळे केले, तेव्हा तो सत्तरीकडे झुकला होता. "सर, आता तरी त्याने तोंड लपवूनच बसावे का?" यावर सर काही वेळ चहाच पीत राहिले.

स्टुडिओवाले काका छायाचित्रकार सुनील गुप्ता यांचे काम जाणून होते. १९८६-८७ मध्ये गुप्ता यांनी दिल्लीतील समलिंगी पुरुषांवर 'एक्झाइल्स' ही मालिका केली, तेव्हा त्यांतील अनेकांनी ओळख झाकली होती. पुढे 'मिस्टर मल्होत्राज पार्टी' या मालिकेत माणसे थेट कॅमेऱ्याकडे पाहत उभी राहिली. काकांनी मग आपल्या धंद्यातले एक सत्य सांगितले: आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचा मोठा फोटो बहुधा तो गेल्यावरच करतात, तोही आधार कार्डावरच्या किंवा लग्नातल्या गर्दीतल्या फोटोवरून, सुरकुत्या पुसून, हार घालण्यासाठी. जिवंतपणी, सुरकुत्यांसकट आणि स्वतःच्या मर्जीने बसून काढलेला फोटो एवढ्यासाठीच मोलाचा आहे, असे मलाही वाटते. आपल्यासारखी माणसे म्हातारीही होतात, हे गावातल्या विशीतल्या समलिंगी मुलाला दुसरे कोण दाखवणार?

खरी अडचण मात्र शाळेत शिकवणाऱ्या ताईंनी मांडली. त्या पिढीतील बहुतेकांची लग्ने घरच्यांनी लावून दिली, त्यांना नातवंडे आहेत. नवऱ्याचा चेहरा भिंतीवर झळकेल त्या दिवशी चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईला शेजारणी काय विचारतील, आणि तिचे आयुष्य फसवणुकीत गेले असेल तर तिचा फोटो कोण काढणार? वकिलाने संमतीपत्राचे नाव काढताच काका म्हणाले की, दालनात लावलेला फोटो संध्याकाळपर्यंत मोबाइलवरून औशाला पोहोचतो, त्याला कागद काय करणार.

माझे मत असे की, ज्याला चेहरा द्यायचा आहे त्याने तो द्यावा आणि ज्याला नको त्याचे नुसते हात किंवा पाठमोरी आकृती टिपली तरी ते व्यक्तिचित्रच ठरते. पाठमोऱ्या माणसाला भित्रा म्हणण्याचा अधिकार प्रदर्शन पाहायला येणाऱ्याला नाही. सरांनी एवढे मान्य केले. ताईंनी केले नाही. संमतीपत्रावर पत्नीची सहीही हवी, असा त्यांचा आग्रह कायम राहिला. मग नवऱ्याचे आयुष्य पुन्हा दुसऱ्याच्याच परवानगीवर गेले, असे वकिलाचे म्हणणे, आणि टपरी बंद होईपर्यंत दोघांपैकी कोणीही मागे हटले नाही.