बार्ज घ्या, रिसॉर्ट करा, बाकी खाडी बघून घेईल

कोकणात काहीतरी हटके करायचंय ना? होमस्टे गल्लोगल्ली झालेत, तारकर्लीच्या हाऊसबोटी सगळ्यांच्या बघून झाल्यात, तर आता थेट बार्ज घ्या, म्हणजे माल वाहणारी सपाट तळाची लोखंडी बोट. २०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा खनिज वाहणाऱ्या कितीतरी बार्ज नुसत्या उभ्या राहिल्या, तसलीच एखादी आणून चिपळूणच्या वाशिष्ठी खाडीत टाका.

तळाचा पत्रा किती जाड उरलाय हे मोजणारा माणूस अजिबात बोलावू नका. तो खडूने गोल करत सुटतो आणि गोल तिथे पत्रा बदला म्हणतो, तेवढ्या पैशात इटालियन मार्बल बसतं. मार्बल गेस्टला दिसतं, तळ फक्त कुर्ल्यांना.

मग मजले चढवा. बार्ज असते पोटात शेकडो टन माल घेऊन खाली बसायला, रिकामी केली की उंच तरंगते, त्यावर तुम्ही दोन मजले, वर जकुझी, जकुझीत पाणी, पाण्यात वऱ्हाड. कुणी बॅलास्ट (बोट कलू नये म्हणून तळाशी ठेवायचं वजन), स्टॅबिलिटी, मेरीटाइम बोर्डाचा सर्व्हे असलं बोलायला लागलं तर सांगा, आमचा आर्किटेक्ट पुण्याचा आहे.

जेटीवरचा एखादा म्हातारा तांडेल विचारेल, "ओहोटीला काय करशील रे बाबा?" हसून सोडून द्या. पाणी दिवसातून दोनदाच तर उतरतं. सपाट तळाची बार्ज चिखलात बसते, चिखल काही ओळंबा लावून केलेला नसतो, त्यामुळे डायनिंग हॉल कलतो आणि सोलकढी टेबलावरून आपणहून गेस्टच्या मांडीवर जाते, त्याला सर्व्हिस चार्ज लावा. वास आला तर मॅनग्रोव्ह अरोमा म्हणा. काठावर मगर ऊन खात पडलेली दिसली तर वाइल्डलाइफचे वेगळे घ्या, तिला कमिशन द्यावं लागत नाही. संडासाच्या टाकीचं ब्रोशरमध्ये काही लिहू नका, खाली चिखलात तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्या बायका स्वतः येऊन सांगतील, आणि चांगल्याच शब्दांत सांगतील.

मे महिन्यात लोखंड तापून सगळ्या रूम सौना होतात (फ्री आहे, जाहिरात करा).

पावसाळ्यात वरून घाटातलं पाणी, त्यात कोयनेच्या वीजघरातून सोडलेलं, समोरून उधाण. जुलै २०२१ ला पाणी कुठवर चढलं होतं ते चिपळुणातला कुठलाही दुकानदार भिंतीवर हात ठेवून दाखवेल. पण कशाला विचारताय, मान्सून पॅकेज काढा, ॲडव्हान्स नॉन-रिफंडेबल ठेवा. आणि दोर एकच बांधा, फोटोत जास्त दोर बरे दिसत नाहीत.