ट्रॅव्हिस डार्नो उकिडवं बसून जायबंदी झाला नाही

बेसबॉलमध्ये फलंदाजामागे उकिडवं बसून बॉल पकडणाऱ्याला कॅचर म्हणतात, क्रिकेटच्या विकेटकीपरसारखा. कॅचरच्या दुखापतींचा विषय निघाला की अमेरिकन कॅचर ट्रॅव्हिस डार्नोचं उदाहरण देऊन हमखास सांगतात: ‘रोज उकिडवं बसून पोराचे गुडघे गेले. वेळीच फर्स्ट बेसला (मैदानातली, उकिडवं न बसता खेळायची जागा) हलवलं असतं तर मायनर लीगमधली (मुख्य लीगखालची) वर्षं वाया गेली नसती.’ यातलं जवळपास सगळंच चूक आहे.

आधी गुडघा. जून 2012 मध्ये लास व्हेगासच्या ट्रिपल-ए (मायनर लीगची सर्वात वरची पातळी) संघाकडून 67 सामन्यांत त्याची फलंदाजीची सरासरी .333 होती, होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) 16. मग गुडघ्यातला मागचा क्रूशिएट लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) फाटला आणि उरलेला मोसम गेला. पण त्या क्षणी तो कॅचिंग करतच नव्हता. तो रनर (बेसवरून धावणारा) होता, डबल प्ले (एकाच बॉलवर दोघांना बाद करणं) मोडायला सेकंड बेसवर घसरत गेला होता. हा लिगामेंट फाटतो तो वाकलेल्या गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या टोकावर समोरून जोराचा दणका बसला आणि हाड मागे ढकललं गेलं की. उकिडवं बसण्याचा त्रास वेगळा असतो: वाटीखाली कळा, कूर्चेची झीज, आणि तोही हळूहळू वाढत जाणारा. आणि बेसवर घसरणं फर्स्ट बेसमनला तरी कुठे चुकतं?

2013 च्या एप्रिलमध्ये पाय मोडला, तो मात्र खरोखर कॅचरचा अपघात. फाउल बॉल (बॅटला लागून भलतीकडे गेलेला) डाव्या पावलावर आदळला. बॉल बॅटला नुसता चाटून गेला तर वेग फारसा उतरत नाही, दिशा तेवढी बदलते. आणि पाऊल जेमतेम हातभर मागे असतं. नडगीवर जाड प्लास्टिक असतं, पण पावलावर येते ती सैल, हलती झडप. दणका कडेला किंवा झडपेच्या फटीत बसला की हाड उघडंच. विकेटकीपिंग केलेल्याला हे लगेच कळेल. पण याला झीज म्हणता येत नाही.

2011 मध्ये अमेरिकेच्या संघाकडून खेळताना अंगठ्याचा लिगामेंट फाटला. खाली बुडणारा बॉल मिटच्या (कॅचरच्या जाड ग्लोव्हच्या) खिशाऐवजी अंगठ्याकडच्या कडेवर आला की अंगठा उलटा वाकतो. म्हणून बरेच कॅचर मिटच्या आत अंगठ्यासाठी कडक प्लास्टिकचं कवच घालतात. याचाही गुडघ्याशी संबंध नाही.

राहिली पाठ. 2010 मध्ये मणक्याच्या चकतीच्या त्रासामुळे डनेडिनला (टोरोंटोच्या मायनर लीग संघाकडून) तो 71 सामनेच खेळला. इथे मात्र उकिडव्या बैठकीला दोष देणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण चारांतली ही एकच.

‘फर्स्ट बेसला हलवा’ म्हणणाऱ्यांनी त्याची किंमत कशात होती ते पाहावं. डिसेंबर 2009 मध्ये रॉय हॅलडेच्या बदल्यात फिलाडेल्फियाकडून टोरोंटोला, डिसेंबर 2012 मध्ये आर. ए. डिकीच्या बदल्यात न्यूयॉर्क मेट्सकडे: सौद्यात समोर दोन्ही वेळा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) विजेता पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, होता. संघ असा माल देतात तो बॅटही चालवणाऱ्या कॅचरसाठी. तीच बॅट फर्स्ट बेसवर नेली की तुलना लीगमधल्या सगळ्यात ताकदवान फलंदाजांशी होते, आणि निम्मं मोल तिथेच उतरतं.

‘वर्षं वाया गेली’ हेही खरं नाही. 2011 मध्ये न्यू हॅम्पशायरकडून .311 आणि 21 होमरन करून तो ईस्टर्न लीग या मायनर स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. ऑगस्ट 2013 मध्ये मेट्सकडून मुख्य लीगमध्ये पदार्पण केलं. पुढेही दुखापती झाल्याच. 2015 मध्ये हाताचं हाड मोडलं ते फलंदाजी करताना, पिचरचा बॉल लागून. 2018 मध्ये कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया (फाटलेला लिगामेंट नव्याने बसवण्याची) झाली, आणि कॅचरच्या शरीराबद्दल काळजी करायचीच तर ती या थ्रो करणाऱ्या हाताची करावी. 2021 मध्ये पुन्हा अंगठ्याचा लिगामेंट फाटला, होम प्लेटवर (फलंदाजाजवळच्या बेसवर) रनरला बॉल लावून बाद (टॅग) करताना. ऑगस्टमध्ये तो परतला आणि त्याच मोसमात त्याच्या तेव्हाच्या अटलांटा संघाने वर्ल्ड सिरीज (लीगची अंतिम विजेतेपदाची मालिका) जिंकली. 2022 मध्ये ऑल-स्टार (लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या) सामन्यासाठी निवड झाली तेव्हा तो 33 वर्षांचा होता, आणि अजून प्लेटमागे उकिडवाच बसत होता.