‘घरातल्या मांजराला कशाला हवी लस?’ : त्या मेसेजला उत्तर

पुण्यात कोथरूडपासून वाघोलीपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं : घरात राहणाऱ्या कुत्र्या-मांजराला लशींची गरज नाही, देशी कुत्री मुळातच काटक असतात, लशीमुळेच रोग होतात, दरवर्षी टोचायला लावणं हा डॉक्टरांचा धंदा आहे, आणि पाळीव प्राण्याने ओरखडलं तर हळद पुरते. मी कुत्र्या-मांजरांची अनाथ पिल्लं सांभाळते, त्यांना घरं शोधून देते. असल्या सल्ल्याचे परिणाम मला दवाखान्यात समोर दिसतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘घरातच असतं, त्याला रोग कुठून येणार?’

आपल्या चपलांवरून येतो. कुत्र्यांचा पार्व्हो आणि मांजरांचा पॅनल्युकोपेनिया हे अगदी जवळचे भाऊबंद. हे विषाणू मातीत, फरशीच्या सांध्यांत महिनोन्‌महिने तग धरतात. हाताला लावायच्या सॅनिटायझरने ते मरत नाहीत, पातळ केलेल्या ब्लीचसारखं जंतुनाशक लागतं. तुम्ही तळजाई टेकडीवर फिरून आलात आणि बूट दारात काढलेत, एवढं पुरे. शिवाय घरातलं मांजर कधीतरी उघड्या दारातून जिन्यात पळतंच, आणि खाली पार्किंगमध्ये बाहेरचा बोका असतो.

‘देशी कुत्र्यांना काही होत नाही.’

रस्त्यावर धडधाकट दिसतात ती जगलेली कुत्री. त्यांच्याबरोबर जन्मलेली जी भावंडं दोन-तीन महिन्यांतच गेली, ती मेसेज लिहिणाऱ्याला दिसलेली नाहीत. पार्व्हो झालेलं पिल्लू आधी खाणं सोडतं, मग फेसाळ उलट्या, मग रक्ताची पातळ शी. त्या शीचा वास इतका वेगळा असतो, की तपासणीआधीच शंका येते. पुढच्या पायाला सलाईन लावलेलं असतं आणि पिल्लू पाण्याच्या भांड्यावर मान टाकून पडून राहतं. तहान असते, पण पाणी पोटात ठरत नाही. या विषाणूवर हमखास औषध नाही. सलाईन, उलटी थांबवायचं औषध, अँटिबायोटिक देऊन त्याला तगवायचं, एवढंच हातात असतं. उपचार नाही मिळाले तर दहातली नऊ पिल्लं मरतात. जात देशी की लॅब्रॅडॉर, हे विषाणू बघत नाही.

‘लस दिली तरी, किंवा लशीमुळेच, रोग झाला.’

यामागचं कारण समजून घ्यायला हवं. आईच्या चिकातून पिल्लाला तयार प्रतिकारशक्ती मिळते आणि ती अंगात आहे तोवर लशीचा डोस वाया जाऊ शकतो. ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देतात आणि शेवटचा 16 आठवडे पूर्ण झाल्यावर. एका डोसवर थांबलं, तर पिल्लू उघडं पडतं. ‘सगळं वॅक्सिनेशन झालंय’ असं सांगून विकलेल्या पिल्लाचं कार्ड आवर्जून बघा. त्यावर कुपीवरचं स्टिकर, बॅच नंबर, मुदत, डॉक्टरांची सही-शिक्का नसेल, तर लस झालेली नाही असंच धरून चाला. रेबीजच्या इंजेक्शनमध्ये तर विषाणू मारलेला असतो, त्याने रेबीज होणं शक्यच नाही.

त्रास अजिबात होत नाही, असं मी म्हणणार नाही. एखादा दिवस मरगळ, बारीक ताप, टोचल्याजागी गाठ हे होतं. क्वचित तोंड सुजतं, म्हणून लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबावं. मांजरात टोचल्याजागी कर्करोगाची गाठ होऊ शकते, पण ती दहा ते तीस हजार डोसांत एखादी.

‘दरवर्षी टोचणं हा धंदा आहे.’

या एका मुद्द्यात तथ्य आहे. पार्व्हो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक विषाणूजन्य रोग) यांच्या लशी पहिल्या वर्षाच्या बूस्टरनंतर तीन वर्षांपेक्षा लवकर देऊ नयेत, असं प्राणिवैद्यकांच्या जागतिक संघटनेचंच म्हणणं आहे. आपल्या डॉक्टरांना हे जरूर विचारा, चांगला डॉक्टर रागावणार नाही. पण याचा अर्थ सगळंच सोडून द्या, असा होत नाही. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस वर्षभरच पुरते, आणि हा रोग उंदरांच्या मुतातून पाण्यात येतो, कुत्र्याकडून माणसालाही होतो. जुलै 2024 मध्ये सिंहगड रोडवर एकता नगरीत पाणी घुसलं होतं. तशा पाण्यातून चालत आलेला कुत्रा अंथरुणात येतो, हे विसरू नका. रेबीजची लस आपल्याकडे दरवर्षी देतात, ती चुकवू नका. कुत्रा पाळायच्या महापालिकेच्या परवान्यालाही तिचा दाखला लागतो.

‘ओरखड्याला हळद पुरते.’

सगळ्यात घातक वाक्य हेच. रेबीजची लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही. जगात वर्षाला सुमारे 59,000 माणसं त्याने मरतात, त्यातली बरीच भारतात, आणि जवळजवळ सगळी कुत्र्याच्या चाव्यामुळे. चावा असो वा ओरखडा, वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, सरकारी रुग्णालयात माणसांसाठीची रेबीजची लस मोफत मिळते. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिकारशक्ती देणारं इंजेक्शन) लागतं, ते स्वतःहून विचारा. प्राणी लस घेतलेला असला तरी तुम्ही लस घ्यायची की नाही, हा निर्णय डॉक्टरांवर सोडा, आणि पुढच्या डोसांच्या तारखा कार्डावर लिहून घ्या.