पाव टाकीवरचा काटा

आमच्या गाडीचं नाव सांगत नाही. 1986 साली वडिलांनी घेतलेली आहे, आणि या वयात तिची चारचौघांत बदनामी करणं बरं दिसत नाही. तिच्या डॅशबोर्डवर दोन काटे आहेत, एक पेट्रोलचा आणि एक इंजिनाच्या तापमानाचा. इतकी वर्षं दोघं सरळमार्गी होते. मग एका पावसाळ्यानंतर पेट्रोलच्या काट्याला वाटू लागलं की घरात सगळं भरपूर आहे, आणि तापमानाच्या काट्याला वाटू लागलं की आता काही खरं नाही.

वाईला भाच्याची मुंज होती. खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा तांबड्या पट्टीत गेला. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नसतं, त्यामुळे आम्ही अर्धा तास, मी सदऱ्यात आणि ही पैठणीत, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांची करमणूक करत उभे राहिलो. झाकण उघडलं तर पाणी जिथल्या तिथे. वाफ नाही, गळती नाही. मुहूर्त मात्र टळला. आम्ही पोचलो तेव्हा बटू मुंडण उरकून चॉकलेट खात होता.

परतताना बोगद्यातून बाहेर पडलो आणि शिरवळच्या अलीकडे गाडी आचके देत थांबली.

"अहो, पेट्रोल?" हिने विचारलं.

मी उत्तर न देता काट्याकडे बोट दाखवलं. पाव टाकी. त्या बोटाची आठवण मला अजूनही करून दिली जाते, विशेषतः मी कुठल्याही गोष्टीकडे ठामपणे बोट दाखवलं की.

मी माध्यमिक शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण निवृत्त माणसाला वेळ असतो आणि वीज मोजायचा मल्टीमीटर फार महाग नसतो. शोधाला टाकीपासून सुरुवात केली. टाकीत एक तरंगता फ्लोट असतो, पेट्रोल उतरलं की तोही उतरतो आणि तारेतला विजेला होणारा विरोध वाढतो. तिथली वायर काढली तर काटा शून्यावर यायला हवा, आणि ती क्षणभर पत्र्याला टेकवली तर पूर्ण भरल्याच्या खुणेकडे जायला हवा. दोन्ही झालं. म्हणजे वायर शाबूत, काटाही शाबूत. एवढं कळायला सकाळचे चार तास आणि सोसायटीतले पाच सल्लागार लागले. त्यातल्या प्रत्येकाने मला स्वतःच्या गाडीचा आजार सांगितला.

मग तापमानाचा सेन्सर. तो काढला आणि चहाच्या पातेल्यात उकळायला ठेवला. पाणी तापत गेलं तसा मीटरवरचा ओहमचा आकडा सरसर खाली आला. असंच व्हायला हवं असतं. हा सेन्सर जितका तापेल तितका त्याचा विरोध कमी होतो. आमच्या घरात हे उलटं आहे. त्या पातेल्यात पुन्हा चहा होणार नाही, असं मला त्याच दिवशी कळवण्यात आलं.

तोवर पेट्रोलचा अंदाज किलोमीटरवरून ठेवायचा ठरवलं. स्पीडोमीटर गिअरबॉक्सकडून येणाऱ्या केबलवर फिरतो, त्याला विजेशी देणंघेणं नाही, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास होता. टाकी भरली की किलोमीटर आणि लिटरचा आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायचो, दुधाच्या हिशोबाशेजारी. त्या महिन्यात दूधवाल्याला पंचवीस लिटरचे पैसे जास्त गेले. त्यानेही काही हरकत घेतली नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. आमच्या गेटपासून मोठ्या रस्त्यापर्यंत खड्डेच खड्डे आहेत. तेवढ्या टप्प्यात दोन्ही काटे हळूहळू खाली यायचे, शहाण्यासारखे वागायचे. गुळगुळीत रस्ता लागला की पुन्हा चढायचे. मी हिला म्हटलं, "बघ, हालअपेष्टांत माणूस खरं बोलतो." तिने काच वर केली.

दोन काटे एकदम बिघडले तर दोष दोघांत नसून दोघांच्या वडिलांत असावा, इथवर मी पोचलो. हे वडील म्हणजे व्होल्टेज स्टॅबिलायझर, डॅशबोर्डच्या मागे बसवलेली आगपेटीएवढी डबी. या जुन्या काट्यांच्या आत दोन धातूंची पट्टी असते. करंटने ती तापते, वाकते आणि काटा सरकवते. म्हणून किल्ली फिरवली तरी हे काटे रविवारी सकाळी उठल्यासारखे सावकाश उठतात. बॅटरी 12 व्होल्टची, इंजिन चालू असताना हा आकडा 14 पर्यंत जातो. तो थेट मिळाला तर काटे चेकाळतात. ही डबी करंट सारखा तोडते-जोडते आणि सरासरी 10 व्होल्टच पुढे सोडते.

नवी डबी मिळेना. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. एका पथारीवर नळाच्या तोट्या आणि कंदील यांच्यामध्ये ती सापडली.

"चालू आहे का?"

"मी चालू आहे काका, तिचं तुम्ही बघा."

डबी बसवण्यासाठी डॅशबोर्डखाली पाठीवर झोपलो. ब्रेकचं पेडल बरगडीत, चष्मा कपाळावर, टॉर्च दातांत. दीड तासाने डबी बसली. माझी मान बसली ती वेगळीच. किल्ली फिरवली, इंजिन सुरू केलं. दोन्ही काटे डोलत डोलत पूर्वीच्याच जागी जाऊन थांबले.

शेवटी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. पंचविशीचा मुलगा. त्याने टेस्ट लॅम्पची एक टोची डबीला लावली. दिवा लुकलुकायला हवा होता, तो एकसारखा जळत राहिला. मुलाने मान हलवली.

"सर, यात अर्थ नाही."

मला ते लागलं. चाळीस वर्षांची गाडी आहे, मान्य. दुरुस्तीचा खर्च निघणार नाही, तेही मान्य. पण वडिलांची आठवण म्हणून काही असतं. मी त्याला हे जरा सविस्तरच सांगितलं. अर्थ केवळ पैशात मोजायचा नसतो, इथपर्यंत आलो होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, अर्थ. अर्थिंग. डबीला बॉडीचा अर्थ मिळत नाहीये."

डबीने करंट तोडायला तिच्या आतली तार तापावी लागते, आणि त्यासाठी तिला गाडीच्या पत्र्यापर्यंत वाट लागते. ती वाट एका स्क्रूमधून जात होती आणि स्क्रू गंजला होता. खड्ड्यांत आदळून तो क्षण-दोन क्षण टेकायचा, तेवढ्यापुरते काटे ताळ्यावर यायचे. मुलाने स्क्रू काढला, पॉलिश पेपरने घासला, खालचा पत्राही घासला, पुन्हा आवळला. चार मिनिटं. पैसे घ्यायला तयार होईना, शेवटी चहावर तडजोड झाली. काचेच्या ग्लासातून प्यायलो, पातेल्याकडे पाहिलं नाही.

निघालो. पेट्रोलचा काटा सावकाश उठला, जरासा हलला आणि शून्याजवळच बसून राहिला. मी हसलो. इतके महिने याला ओळखून होतो. हा जे सांगेल त्याच्यावर जायचं नाही, हे अंगवळणी पडलं होतं. पंप दिसत होता, पण डिव्हायडरच्या पलीकडे. म्हटलं, पुढच्या सिग्नलवरून वळून येऊ.

गाडी सिग्नलच्या अलीकडेच आचके देऊ लागली. तेवढ्यात हिचा फोन आला.

"झाला का दुरुस्त? काय म्हणतोय काटा?"

"खरं बोलतोय," मी म्हणालो, आणि डिकीतला रिकामा कॅन काढायला उतरलो.