वॉरंट, सही आणि सरकारने दिलेला शब्द

२०२५ च्या फेब्रुवारीत ‘भारतातील मतदान वाढवण्यासाठी अमेरिकेचे २ कोटी १० लाख डॉलर’ ही बातमी आली, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. यूएसएड या अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेत मी सतरा वर्षे नोकरी केली आणि २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाले, त्यामुळे सगळ्यांचे प्रश्न माझ्याकडे येत होते. धाकट्या काकांनी शेवटी विचारले, “पण तू तिथे नेमके काय करत होतीस ग?” त्या वेळी मी दोन ओळींत उत्तर दिले. ते उत्तर अपुरे होते, याची रुखरुख मला अजून आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आधी त्या बातमीविषयी. इंडियन एक्सप्रेसने कागदपत्रे तपासून ती रक्कम २०२२ मध्ये बांगलादेशासाठी मंजूर झाली होती असे छापले, आणि आपल्या अर्थ मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात भारत सरकारच्या भागीदारीने चाललेले जे सात प्रकल्प नोंदवले आहेत, एकूण ७५ कोटी डॉलरचे, त्यांत मतदानाशी संबंधित एकही नाही. अमेरिकेत २००६ च्या एका कायद्यामुळे सरकारी कंत्राटे आणि अनुदाने कोणालाही इंटरनेटवर पाहता येतात. कोणाला किती दिले आणि कोणत्या देशासाठी दिले, हे शोधायला फार वेळ लागत नाही. तरीही आमच्या ग्रुपवर एकानेही ते उघडून पाहिले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण त्या नोंदी अचूक असाव्यात यासाठी माझ्यासारख्यांनी अनेक संध्याकाळी कार्यालयात घालवल्या आहेत.

माझे पद होते ‘कॉन्ट्रॅक्ट स्पेशालिस्ट’, म्हणजे सरकारी कंत्राटांची फाइल सुरुवातीपासून शेवटापर्यंत सांभाळणारी व्यक्ती. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात निविदा लिपिक जे काम करतो त्याच कुळातले हे काम आहे. फक्त रक्कम मोठी, अंतर मोठे आणि नियमांचे पुस्तक फार जाड. ‘एफएआर’ (FAR) या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखले जाणारे हे खरेदी नियम १ एप्रिल १९८४ पासून लागू आहेत आणि परदेशी मदतीसाठी त्यांना वेगळी पुरवणी होती. गरज नेमक्या शब्दांत लिहून घेणे, बाजारात कोण पुरवठादार आहेत ते पाहणे, निविदा काढणे, इच्छुकांच्या प्रश्नांना सर्वांना दिसतील अशी उत्तरे देणे, तांत्रिक समितीच्या शेऱ्यांत कोठे पक्षपात डोकावतो का ते वाचणे, दरांचा तुलनात्मक तक्ता करणे, वाटाघाटीची टिपणी लिहिणे, आणि ज्यांना काम मिळाले नाही त्यांना ते का मिळाले नाही हे समजावून सांगणे, या सगळ्यांत एकेका कंत्राटाचे वर्ष-दीड वर्ष सहज जाते. हरलेल्या कंपनीने ठरलेल्या मुदतीत अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाकडे हरकत नोंदवली, तर काम थांबते आणि निकालासाठी १०० दिवसांपर्यंत वाट पाहावी लागते. अमेरिकी सरकारचे आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपते, त्यामुळे आपली मार्चअखेर तिथे सप्टेंबरात येते, आणि त्या महिन्यात मी कित्येक वर्षे गणपतीची आरती फोनवरच ऐकली आहे.

नऊ वर्षे हे काम केल्यावर मला ‘वॉरंट’ मिळाले. आपल्याकडे वॉरंट म्हटले की पोलीस आठवतात, पण तिथे ते नेमणुकीचे प्रमाणपत्र असते. तुम्ही किती रकमेपर्यंत सरकारच्या वतीने करार करू शकता, हे त्याच्यावर लिहिलेले असते. संपूर्ण व्यवस्था या एका कागदावर उभी आहे, हे बाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसते. एखाद्या देशातील अमेरिकेचे राजदूत कितीही मोठे असले, तरी हातात वॉरंट नसेल तर त्यांच्या तोंडी शब्दाने सरकार बांधले जात नाही. एकदा आमच्या प्रकल्प शाखेतील एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने, पूर आलेला असताना, एका स्थानिक ट्रकमालकाला “तुम्ही माल हलवा, कागद मागाहून येतील” असे सांगितले. हेतू निर्मळ होता आणि माल पोहोचलाही. परंतु त्या ट्रकमालकाचे देयक मंजूर करून घेण्यासाठी मला जी टिपणी लिहावी लागली, ती बावीस पानांची होती आणि पैसे मिळायला त्याला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत तो माणूस कर्जाचे हप्ते कसे भरत होता हे मी विचारले नाही, आणि विचारायला हवे होते असे मला आज वाटते.

कंत्राट म्हणजे लाल फीत, आणि मदत म्हणजे तिच्या पलीकडची करुणा, अशी विभागणी लोक करतात. मी ती मानत नाही, आणि का मानत नाही ते मच्छरदाण्यांच्या एका फाइलवरून सांगते. २००५ मध्ये अमेरिकेने आफ्रिकेतील हिवतापाविरुद्ध मोठा कार्यक्रम सुरू केला आणि त्यातून कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या फार मोठ्या संख्येने वाटल्या गेल्या. या मच्छरदाण्या आम्ही स्वतः विकत घेत नसू. मुख्य कंत्राटदार त्या घेत असे, आणि त्याच्या मोठ्या उपकंत्राटांना आमची लेखी संमती लागत असे. एका पश्चिम आफ्रिकी देशासाठीची अशी फाइल माझ्यापुढे आली, तेव्हा तिच्यात दोन गोष्टी मला खटकल्या. पहिली म्हणजे मच्छरदाणीचा आकार. मागणीपत्रात सगळ्या चौकोनी लिहिल्या होत्या, आणि जोडलेल्या क्षेत्रभेटीच्या अहवालात एका ओळीत लिहिले होते की उत्तरेकडील खेड्यांत झोपड्या गोल आहेत आणि लोक निमुळत्या, वर एकाच खुंटीला टांगता येणाऱ्या मच्छरदाण्या पसंत करतात. चौकोनीला चार दोऱ्या आणि चार खुंट्या लागतात. गोल झोपडीत त्या कोठे ठोकणार? न टांगलेली मच्छरदाणी गठ्ठ्यातच राहते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मी शेरा लिहिला आणि त्या जिल्ह्यांपुरती मागणी बदलली गेली. सतरा वर्षांत मी लिहिलेल्या शेऱ्यांपैकी हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

दुसरी गोष्ट मात्र माझ्या मनाला अजून टोचते. त्या फाइलला दरांचा तुलनात्मक तक्ता जोडलेला नव्हता. एका मच्छरदाणीची किंमत दोन-तीन डॉलर, पण संख्या लाखांत, त्यामुळे दहा सेंटच्या फरकालाही मोल असते. मी नियमाप्रमाणे त्रुटी नोंदवून फाइल परत पाठवली. ती फाइल तीन कार्यालयांतून फिरून तक्त्यासह परत यायला जवळजवळ चार आठवडे लागले. तक्ता तयारच होता. तो जोडायचा राहिला होता. मी त्याच दिवशी फोन उचलून मागितला असता तर संध्याकाळपर्यंत मिळाला असता. माल बंदरावर उतरला तोवर पावसाला सुरुवात झाली होती, आणि सर्वांत दूरच्या एका जिल्ह्यातले वाटप पावसाळा निम्मा सरल्यावर झाले. लेखापरीक्षणात त्या फाइलवर एकही आक्षेप आला नाही. त्या चार आठवड्यांत तिथे किती मुलांना ताप आला असेल, हे कोणत्याही अहवालात लिहिलेले नाही. त्या दिवसापासून त्रुटी लिहिण्याआधी फोन करायचा, हा नियम मी स्वतःला लावून घेतला आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला सांगितला.

या व्यवस्थेत दोष नव्हते असे मी म्हणणार नाही. मदतीच्या मालापैकी निम्मा तरी अमेरिकी झेंड्याच्या जहाजांतून न्यावा, हा कायदा जहाज कंपन्यांच्या सोयीचा आहे आणि भुकेल्या माणसाच्या सोयीचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. २००९ मध्ये संसदेच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने दाखवून दिले होते की सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत अन्न त्याच भागात विकत घेतले, तर ते अमेरिकेहून पाठवण्यापेक्षा सरासरी ३४ टक्के स्वस्त पडते. माझ्या आईने १९७२ चा दुष्काळ बीड जिल्ह्यात काढला, तेव्हा रेशनवर आलेली लाल मिलो ज्वारी तिने खाल्ली आहे. त्या पिठाची भाकरी थापताना तुटायची, असे ती आजही सांगते, पण त्या धान्याने घरातली सहा माणसे जगवली हेही त्याच दमात सांगते. दूरवरून आलेल्या धान्याचे मोल आणि त्याची अडचण या दोन्ही गोष्टी मी अशा घरात ऐकतच मोठी झाले.

दुसरा दोष असा की पैशाचा मोठा भाग वॉशिंग्टनच्या आसपासच्या मोठ्या कंपन्यांमार्फतच जात होता. थेट स्थानिक संस्थांना २५ टक्के निधी देण्याचे उद्दिष्ट २०२१ मध्ये जाहीर झाले आणि पुढच्या वर्षी प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. याचे कारण अनेक जण संगनमत असे देतात. मी आतून पाहिलेले कारण वेगळे आहे. संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुख सामंथा पॉवर यांनी जाहीरपणे सांगितले होते की आमच्या एकेका कंत्राट अधिकाऱ्याकडे वर्षाला साडेसहा कोटी डॉलरहून अधिक रकमेची कामे असतात, संरक्षण खात्यातील अधिकाऱ्याच्या चौपटीहून जास्त. ज्याच्या टेबलावर इतके काम आहे, तो वीस छोट्या संस्थांशी वीस करार करण्याऐवजी एका मोठ्या कंपनीशी एकच करार करतो, कारण वीस फाइली सांभाळायला त्याच्याकडे माणसे नसतात. त्या काळात आम्ही सतत मागत होतो ती माणसे मिळाली असती, तर आज ज्याला उधळपट्टी म्हटले जाते तिच्यातला बराच भाग झालाच नसता, असे माझे ठाम मत आहे.

पण दुरुस्तीची वेळ आलीच नाही. २० जानेवारी २०२५ च्या आदेशाने परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली गेली आणि चार दिवसांत ‘काम थांबवा’ अशा सूचना निघाल्या. १० मार्चला परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी ८३ टक्के कार्यक्रम, म्हणजे सुमारे ५,२०० कंत्राटे, रद्द झाल्याचे जाहीर केले, आणि १ जुलैला १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मदतकार्य संपले. काम थांबवण्याचा अधिकार सरकारला आहे, हे मी नाकारत नाही. ते कलम मी स्वतः शेकडो करारांत घातले आहे. सरकार आपल्या सोयीने कंत्राट संपवूही शकते. परंतु त्याच कलमांत पुढे लिहिलेले असते की थांबवल्यामुळे झालेला वाजवी खर्च आणि झालेल्या कामाचे पैसे सरकार देईल. करार ज्या दोन पायांवर उभा असतो, त्यांतला एक पाय असा काढून घेता येत नाही. आधी पूर्ण झालेल्या कामाचे जवळजवळ दोन अब्ज डॉलर अडकले, पुरवठादारांना न्यायालयात जावे लागले, आणि ५ मार्चला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पैसे देण्याच्या खालच्या न्यायालयाच्या आदेशाला स्थगिती द्यायला नकार दिला. चार न्यायमूर्तींचे मत वेगळे होते, त्यांची कारणेही मी वाचली आणि ती मला पटली नाहीत. सरकारने माल मागवला, तो घेतला, तर त्याचे पैसे द्यायचे असतात.

त्याच वर्षी दुबईतील गोदामात सुमारे ५०० टन पौष्टिक बिस्किटे मुदत संपल्याने नष्ट करावी लागणार असल्याच्या बातम्या आल्या. सुमारे १५ लाख मुलांना एक आठवडा पुरतील एवढी ती होती. ही बातमी मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचली आणि नंतर बराच वेळ खुर्चीवर नुसती बसून राहिले. ती बिस्किटे विकत घेतलेली होती, तपासलेली होती, गोदामात रचलेली होती, म्हणजे माझ्या व्यवसायातले सगळे काम संपलेले होते. राहिला होता तो एक होकार, आणि तो देणारी माणसे तोवर घरी पाठवली गेली होती.

मला आता सर्वांत जास्त काळजी वाटते ती पुढच्या निविदेची. नैरोबीचा किंवा ढाक्याचा एखादा छोटा पुरवठादार अमेरिकी सरकारला उधारीवर माल देतो, कारण देयक सादर केल्यावर ३० दिवसांत पैसे येतात असा अनेक वर्षांचा अनुभव त्याच्या गाठीशी असतो. त्या भरवशावर त्याचा दर कमी असतो. भरवसा गेला की तो आगाऊ रक्कम मागेल, दर वाढवेल, किंवा निविदाच भरणार नाही. उद्या कोणतेही सरकार आले आणि त्याला मदत पुन्हा सुरू करावीशी वाटली, तरी तुलनात्मक तक्त्यात पूर्वी जिथे सहा नावे असत तिथे दोनच असतील, आणि तीही मोठ्या कंपन्यांची.

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या स्थानिक संस्थेच्या हिशेबनिसांचा फोन आला होता. कोण, कोणत्या देशातले, हे सांगणे बरोबर नाही. त्यांचे दोन देयकांचे पैसे अजून आलेले नाहीत आणि संस्थेच्या संचालकांनी जुनी कागदपत्रे काढून टाकून खोली रिकामी करायला सांगितले होते. मी त्यांना सांगितले की तुमचा करार थेट सरकारशी नाही, त्यामुळे दावा मुख्य कंत्राटदारामार्फतच करावा लागेल. पण सरकारी कंत्राटांच्या वादांविषयीच्या १९७८ च्या अमेरिकी कायद्याप्रमाणे त्यासाठी सहा वर्षांची मुदत आहे, तेव्हा माल पोहोचल्याच्या पावत्या, गोदामाच्या नोंदवह्या, ट्रकचालकांच्या सह्या असलेली चलने, यांतले काहीही टाकू नका. त्यांनी विचारले, “मॅडम, सगळी ठेवायची का?” मी म्हटले, “सगळी ठेवा, आणि ओल येणार नाही अशा जागी ठेवा.”