केशर-दूध झालं, युरिन कल्चर केलं का?

सातवा महिना लागला की आपल्याकडे डोहाळजेवण, धनुष्यबाण घेऊन फोटो, केशर घातलेलं दूध, सगळं यथासांग होतं. पण लघवीला जळजळ होतेय का, हिरड्यांतून रक्त येतंय का, हे कोणी विचारत नाही, युरिन कल्चर म्हणजे लघवीतले जंतू शोधायची तपासणी तर दूरच, आणि ती गरोदर बाईही "होतं असं या दिवसांत" म्हणून सोडून देते.

ही इन्फेक्शनची लक्षणं असू शकतात. पण इन्फेक्शन म्हटलं की फार तर डिलिव्हरी लवकर होईल एवढीच भीती असते, बाळाच्या किडनीचा विचार कोण करतंय! रक्त गाळणारे नेफ्रॉन साधारण ३६व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात, त्यातले निम्म्याहून जास्त शेवटच्या तीन महिन्यांत, आणि नंतर आयुष्यभर एकही नवीन बनत नाही. एका किडनीत सरासरी ९-१० लाख असतात, पण माणसामाणसांत खूप फरक. कमी असले की प्रत्येकावर लोड जास्त, त्यातून बीपी वाढतं आणि त्या बीपीने उरलेलेही खराब होत जातात. ब्रेनर नावाच्या किडनीतज्ज्ञाने १९८८ मध्येच हे मांडलं होतं. गाभण उंदरीणीच्या अंगात बॅक्टेरियाचा अंश टोचून इन्फेक्शन झाल्यासारखी सूज आणली तर पिल्लांचं बीपी मोठेपणी वाढलेलं दिसतं, काही प्रयोगांत नेफ्रॉनही कमी भरलेत. माणसांत एवढं सरळ सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे एकदा ताप आला म्हणून रडत बसू नका.

आणि हो, लगेच आईला दोष देऊ नका हं. कल्याण-डोंबिवलीहून लोकलला लटकत फोर्टात जाणारी बाई पाणीच पीत नाही, कारण वाटेत धड टॉयलेट नाही, असलं तर बंद, उघडं असलं तर आत पाय ठेववत नाही, मग दोन-दोन तास लघवी धरून ठेवायची, त्यातून इन्फेक्शनला वाव, आणि वर सासूबाईंचं "पाणी पीत जा गं". चिडायचंच तर यावर चिडा.

अजून एक, अंग दुखतंय म्हणून केमिस्टकडून आयबुप्रोफेनची गोळी आणून घेऊ नका. २० आठवड्यांनंतर तिचा बाळाच्या किडनीवरच परिणाम होऊ शकतो, गर्भजल कमी होतं, अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये तसा इशारा दिलाय. डॉक्टरांना विचारूनच काय ते घ्या.

बाळ कमी दिवसांचं किंवा अडीच किलोच्या आतलं असेल तर जन्माची फाईल जपून ठेवा आणि पेडियाट्रिशियनला बीपी बघायला सांगा. तसं तर सगळ्याच मुलांचं बीपी तीन वर्षांनंतर वर्षातून एकदा बघायला हवं. बीपी मोजताना दंडाला बांधायचा लहान मुलांचा छोटा पट्टाच (कफ) नाही म्हणाले तर सरळ दुसरीकडे जा.