थायमस ही शाळा नव्हे, चाळणी!

'टी पेशी थायमसच्या शाळेत जंतू ओळखायला शिकतात' हे टी पेशींवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. टी पेशी म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि थायमस ही त्या जिथे तयार होतात ती छातीतली ग्रंथी. थायमसमध्ये त्यांना जंतू दाखवतंच कोण? जनुकांचे तुकडे वाटेल तसे जोडून प्रत्येक पेशी आपला रिसेप्टर, म्हणजे समोरचं ओळखणारा पृष्ठभागावरचा रेणू, बनवते. मग बघितलं जातं ते एवढंच, की तो शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांना किती घट्ट चिकटतो. अजिबात नाही चिकटला, तर पेशी मरते. फार घट्ट चिकटला, तरी बहुतेकदा मरतेच. शंभरातल्या जेमतेम दोन-पाच जिवंत बाहेर पडतात. असली शाळा कोण काढेल?

आणि बाहेर पडलेल्या पेशींना आवरणाऱ्या ब्रेकबद्दल लेखात अवाक्षर नाही. जपानी शास्त्रज्ञ तासुकू होंजोंच्या प्रयोगशाळेने 1992 मध्ये शोधलेला पीडी-1 हा टी पेशींवरचा रेणू त्यातलाच एक. रिसेप्टरकडून आत जाणारा संदेश तो दाबतो. माझ्या वडिलांना फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी हाच ब्रेक काढणारं औषध सलाइनमधून देत होते. गाठ आक्रसली, पण ऐन मे महिन्यात बाबा स्वेटर घालून बसायला लागले, आवाज घोगरा झाला. आम्ही म्हटलं, अशक्तपणा असेल. रक्तातलं टीएसएच (थायरॉइडचं काम कसं चाललंय ते सांगणारं संप्रेरक) तपासलं तेव्हा कळलं, की मोकळ्या सुटलेल्या पेशींनी थायरॉइडही सोडलं नव्हतं. म्हणजे चाळणीतून निसटलेल्या काही पेशी इतकी वर्षं अंगात गप्प बसून होत्या. आता रोज सकाळी चहाच्या आधी थायरॉक्सिनची गोळी, आणि चहाला अर्धा तास थांबावं लागतं म्हणून कुरकुर.